वरईला भात म्हणायचं

आये, भगर धान्यच हाय. मला कोणी विचारलं नाय, कोणी विचारणारही नाय, तरी सांगून टाकते, म्हणजे पोटात राहायला नको. जमिनीत पेरतात, वाढते, कापतात, झोडतात, कांडतात, शिजवतात आणि जेवतात. ह्याला धान्य नाय म्हणायचं तर कशाला म्हणायचं? पण नाशकात नाय म्हणत. इथं ती उपासाची. किराणावाल्याकडं गहू-तांदळाच्या रांगेत तिला जागा नाय, ती साबुदाण्याशेजारी बसते. आणि साबुदाणा तर कारखान्यातून गोळ्या होऊन येतो, तो पवित्र. ह्या लोकांचा उपास म्हणजे कोर्टकचेरी हाय. कोथिंबीर चालते का? ह्या घरात चालते, शेजारच्या घरात नाय, मधी भिंत एकच. जिरं चालतं, मोहरी नाय. शेंगदाणा चालतो, हरभरा नाय. हिरवी मिरची चालते, तीच वाळून लाल झाली की पाप. आता तर उपासाची मिसळ निघाली हाय, उपासाचा डोसा निघाला हाय, आणि रविवारी एकादशी आली तर हॉटेलाबाहेर उभं राहावं लागतं. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाय. खावं माणसानं, माझं काय जातं. फक्त आपल्या भाताला धान्य नाय म्हणू नये.

तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक हाय, तरी लिहिते. उलट बरंच, ऱ्हस्व-दीर्घ कोणी काढणार नाय. मी आश्रमशाळेत चौथीपर्यंत गेले आणि मग तुझ्याबरोबर बागेवर, त्याचं रडगाणं मला गायचं नाय. जेवढं लिहिता येतं तेवढं पुरतं. तू गेल्यावर पत्र टाकायचं कुठं हा प्रश्न नाय, टाकणारच नाय. पण गेल्या महिन्यात एक गोष्ट झाली ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, आणि ती सांगायची तर आधी मालकीणबाईंचं सांगावं लागतं.

दिवाळी झाली, वरई-नागली घरात आली, की आपल्या डोंगरातली, पेठेकडची अर्धी घरं कुलपं लावून देशावर उतरायची. आपण निफाडच्या बाजूला एकाच मळ्यात जायचो. द्राक्षाची मणी-विरळणी. तू मांडवाखाली हात वर करून कात्री चालवतेस, मी खाली पडलेले हिरवे मणी गोळा करते आणि तोंडात टाकून थुंकते, आंबट ढाण. मळ्याच्या कडेला पत्र्याचं खोपट, पुढं तीन दगडांची चूल. घरून आणलेली वरई तू फडक्यात बांधून आढ्याला टांगायचीस, उंदरांपायी. संध्याकाळी वरई रटरटते, बाजूला उडदाची आमटी, नाहीतर खुरासणीची चटणी. मालकीणबाई एक दिवस पंपाकडून येता येता चुलीपाशी थांबल्या. बाई वाईट नव्हती, जिभेला हाड नव्हतं एवढंच. त्या दिवशी एकादशी होती. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "अगं बाई, तुझा पण उपास का गं?"

तू म्हणालीस, "नाय वो. जेवन हाय आमचं."

"जेवण? भगरीचं? रोज?"

"रोज."

बाई हसल्या, मागं विरळणीच्या बाया होत्या त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "ऐकलं का, हिचा तर बारा महिने तेरा काळ उपासच!" सगळ्या हसल्या. मला वाटलं आता तू खाली मान घालशील. तू पळी पातेल्याच्या काठावर आपटलीस आणि म्हणालीस, "मंग पुन्य बी आमचंच जास्त भरलं की वो बाई. तुमाला लागलं तर मागा थोडं." त्यावर बाईच इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि तूच त्यांना पाणी दिलंस. नंतर दर एकादशीला त्या तुझ्याकडची वरई मागून न्यायच्या, दुकानातली नको म्हणायच्या, आणि फडकं परत देताना त्यात गुळाचा खडा असायचा.

मला मात्र वेगळाच किडा चावला. बाईंची पोर माझ्या वयाची. ती ओट्यावर बसून स्टीलच्या ताटलीत वरई खायची, वर दाण्याची आमटी, बाजूला बटाट्याची भाजी, आणि तोंड भरलेलं असताना म्हणायची, "मी फराळ करतेय." फराळ! काय शब्द. मला वाटलं, त्या शब्दानेच चव येत असंल. दुसऱ्या दिवशी मी ताटली पुढं केली आणि ऐटीत म्हटलं, "आये, मला फराळ वाढ."

तुझी पळी हवेत थांबली. "काय वाढू?"

"फराळ."

पळी माझ्या मनगटावर बसली. गरम होती. तू ओरडली नाहीस, ते आणखी वाईट. म्हणालीस, "फराळ त्यांचा. त्यांच्या घरात गहू हाय, बाजरी हाय, तांदूळ हाय. ते सोडून एक दिस हे खातात, म्हनून तो फराळ. तू काय सोडलंस? सांग, काय सोडलंस?" आणि पळी परत पातेल्यात ठेवलीस. "भात म्हन. म्हनशील तवा वाढीन."

मी अडून बसले. तू तुझं जेवलीस, माझ्यासमोर, सावकाश, बोटं चाटून. मी म्हटलं मरू दे, आणि म्हटलं, भात. मग तू पातेलं खरवडून खालची लागलेली खरपूड पण मलाच दिलीस. मनगटाला खोबरेल लावलंस. त्यानंतर वरईला मी कधी दुसरं काय म्हटलं नाय, म्हणजे घरात. बाहेर म्हणावं लागलं, ते सांगते.

लग्न होऊन नाशकात आले. तुझा जावई सातपूरच्या कारखान्यात, आणि मी दोन वर्षांनी भगरीच्या गिरणीत चाळायला. तुला हे सांगितलं होतं तेव्हा तू म्हणालीस, "आपलीच वरई गिरनीत पन जाती?" जाते की. पेठेकडून, सुरगाण्याकडून, आपल्याच डोंगरातून पोती येतात. पोत्यावर लिहिलेलं असतं वरई. एका तोंडाने आत जाते, टरफल निघतं, पांढरी होते, आम्ही बाया खडे बघतो, आणि दुसऱ्या तोंडाने पिशवीत पडते, त्या पिशवीवर लिहिलेलं असतं भगर. एकदा एक नवी पोरगी आली कामाला, ती विचारते, "काकू, वरई आणि भगर एकच ना? मग नाव का बदलतात?" मी म्हटलं, "सासरी गेली की पोरीचं बदलतात तसं. माहेरची ओळख पुसायची, दुसरं काय." ती पोरगी हसली, मुकादमही हसला, मी पण हसले. पण घरी येताना वाटलं, ह्यात हसण्यासारखं काय होतं. असो. पोट भरलं गिरणीने, पोरगा शिकला गिरणीने, तिला नावं ठेवायची नायत.

आता मुद्द्यावर येते. तुला पणती झालीय. गोरी नाय, काळीही नाय, आवाज मात्र तुझा, शेजारच्या इमारतीतलं माणूस उठतं. सातव्या महिन्यात तिचं उष्टावण करायचं ठरलं. तुझ्या काळी आपल्यात असलं काय नव्हतं, पोर रांगत चुलीपाशी आलं की त्याच्या तोंडात मऊ भात जायचा, झालं उष्टावण. पण सुनेच्या माहेरी रीत हाय. मामा येतो, चांदीची वाटी, सोन्याची अंगठी, अंगठीने पहिला घास चाटवायचा. चांगली रीत हाय, माझं काय म्हणणं नाय. माझं एकच म्हणणं होतं. पहिला घास वरईचा द्यावा. माझा भाऊ अजून वर डोंगरात थोडी वरई करतो, पायलीभर मला पाठवतो. मऊ शिजवायची, दूध घालायचं, चाटवायची. मुलगा म्हणाला, "आई, खीर तांदळाची असते." सून म्हणाली, "डॉक्टरांनी आधी डाळीचं पाणी सांगितलंय." फोनवरून विहीणबाई म्हणाल्या, "अहो, शुभ कार्याला भगर कशी? ती उपासाची. पहिल्याच घासाला पोरीला उपास घडवायचा का?" मी विषय सोडला. तीन जण एकीकडं, तुझा जावई कोणाकडंच नाय, मी एकीकडं. मनातून मात्र खट्टू झाले होते. पाच-सहा पिढ्या ज्याच्यावर उभ्या राहिल्या ते ह्या पोरीच्या तोंडात निदान एकदा, पहिलं जावं, एवढंच होतं माझं. सोनं-नाणं नाय आपल्याकडं द्यायला. हेच हाय.

दिवस ठरवला मुलाने. मामा पुण्याला असतो, त्याला रविवारच मोकळा. मुलाने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, म्हणाला, एकादशी शनिवारी आहे, रविवारी काही नाही. आणि इथंच घोळ झाला. कधी कधी एकादशी दोन असतात, एक स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत. शनिवारची स्मार्त होती. विहीणबाई माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, त्या भागवत धरतात. म्हणजे रविवारी. कॅलेंडरात खाली बारीक अक्षरात होतं लिहिलेलं, पण बारीक अक्षर आमच्यात कोण वाचतं.

रविवारी सकाळी विहीणबाई दारातच म्हणाल्या, "आज माझी एकादशी आहे हो. रात्री लक्षात आलं, तोवर हा पुण्याहून निघाला होता." हा म्हणजे मामा. तो मागं उभा, हातात अंगठीची डबी. म्हणाला, "मी गाडी गेटसमोर लावलीय. लवकर ठरवा, वॉचमन ओरडतोय."

तांदळाची खीर गॅसवर तयार. मुलगा म्हणाला, "अहो, उपास तुमचा आहे, बाळाचा थोडाच आहे?"

"बाळाचा नाही," विहीणबाई म्हणाल्या, "पण पहिला घास आहे तो. एकादशीला माझ्या डोळ्यांदेखत भाताचा घास? जन्मभर मनात राहील माझ्या." डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. नाटक नव्हतं ते. त्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं. सून आईकडं बघते, नवऱ्याकडं बघते. मामा खिडकीतून गाडीकडं बघतो. तेवढ्यात मुलाने चुटकी वाजवली. "आईची भगर आहे की! तिच्या भावाने पाठवलेली. भगर चालते ना एकादशीला?"

विहीणबाईंचा चेहरा उजळला. "चालते ना! न चालायला काय झालं? भगर म्हणजे काही धान्य नाही. दोष नाही काही. घाला शिजत."

बघ आये. मी एवढे दिवस जे मागत होते ते आपोआप माझ्या ओट्यावर चालत आलं. मी फक्त गप्प बसायचं होतं. मी वरई धुतली, शिजत घातली, विहीणबाईंच्या ताटालाही थोडी जास्त घातली. वास सुटला, तोच आपल्या खोपटातला. दूध घालून मऊ केली, चांदीच्या वाटीत काढली. विहीणबाईंचं ताट वाढलं, भगर, वर दाण्याची आमटी, बाजूला लिंबाचं लोणचं. नात मांडीवर, मामाने अंगठी वाटीत बुडवली. विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा कसं जमलं, उष्टावण पण झालं आणि पोरीला एकादशीचा फराळ पण घडला."

फराळ. मनगट जळलं माझं.

मी म्हटलं, "थांब रे." मामा थांबला. "हे धान्य हाय."

मुलगा म्हणाला, "आई, राहू दे ना आता."

"राहू कशाला देऊ? धान्य हाय ते. आमचा भात हाय."

सून हळूच म्हणाली, "आई, अहो, तुम्हालाच तर हवी होती ना वरई?"

"हवी होती. भात म्हणून हवी होती. फराळ म्हणून नको." आवाज चढला माझा, चढू दिला. "विहीणबाई, उष्टावण कशाचं असतं?"

"अन्नाचं."

"मंग भगर जर अन्न नसंल, तर पोरीचं उष्टावण झालंच नाय, नुसती अंगठी चाटली. आणि अन्न असंल, तर तुमच्या एकादशीला ती चालत नाय. दोन्ही कसं होईल? तुम्हीच सांगा. माझी आई बागेवर राबली ती ह्याच्यावर. मी आणि माझे भाऊ वाढलो ते ह्याच्यावर. आम्ही काय चाळीस वर्षं उपास केला का? जेवलो. पोटभर जेवलो. द्यायचं असलं तर जेवण म्हणून द्या, नायतर ती खीर तापवा, मी वाटी उचलते."

मला वाटलं, झालं, गेली वरई. हातची घालवली. मुलगा कपाळाला हात लावून बसलेला. त्याच्या बायकोच्या माहेरी आम्ही नाशिकचे एवढंच ठाऊक होतं, खोपट आणि बाग ठाऊक नव्हती, ती मी भर दिवाणखान्यात उघडी करून ठेवली. ठेवली तर ठेवली. मला लाज वाटली नाय, लिहिताना पण वाटत नाय. मामा म्हणतो, "मी बुडवू की काढू अंगठी?"

विहीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. हुशार बाई हाय, उगाच हो म्हणणारी नाय. मग म्हणाल्या, "तुमच्या आई काय म्हणायच्या ह्याला?"

"भात."

"रोजचा?"

"रोजचा."

त्यांनी स्वतःच्या ताटाकडं बघितलं. वाफ निघत होती अजून. त्यांनी ते ताट दोन्ही हातांनी उचललं, नमस्कार केल्यासारखं कपाळापाशी नेलं, आणि बाजूला सरकवलं. सुनेला म्हणाल्या, "हे झाकून ठेव. उद्या बारशीला सोडताना खाईन. आज मला एक केळं दे." आणि मामाला, "बघतोस काय, घाल तिच्या तोंडात. विहीणबाईंच्या आईचा भात आहे तो."

मामाने चाटवलं. पोरगीने तोंड वेडंवाकडं केलं, अर्धं बाहेर ढकललं, अर्धं गिळलं, आणि वाटीकडं हात टाकला. सगळे हसले. सुनेने फोटो काढले, ते सोड. मी त्या झाकलेल्या ताटाकडं बघत होते. आये, आयुष्यभर मी बघितलंय लोकांना भगर खाताना. आवडीने खाल्ली, पथ्याची म्हणून खाल्ली, हलकी म्हणून खाल्ली. मालकीणबाईंनी खाल्ली, तुझ्या हातची म्हणून कौतुकाने. पण ती धान्य हाय म्हणून कोणी ताटावरून हात काढला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या वरईने कोणाची तरी एकादशी मोडली असती. तिला गव्हा-तांदळाचा मान मिळाला तो असा, न खाऊन. माझी छाती दोन बोटं वर आली. गिरणीत पहिला पगार घेताना आली नव्हती एवढी.

मुलगा संध्याकाळी जरा घुश्श्यात होता. म्हणाला, "तू कुठंही काहीही बोलतेस." मी म्हटलं, "कुठंही नाय. भातापाशी बोलले." मग भांडी विसळता विसळता स्वतःच म्हणाला, "आजीची ती बाग कुठली होती गं? निफाडच्या अलीकडे का पलीकडे?" मी सांगितलं. सुनेने उरलेली वरई डब्यात भरली आणि डब्यावर चिठ्ठी लावली, कारण तिला सगळ्यांवर चिठ्ठ्या लावायची सवय हाय. मी बघितलं. भगर लिहून खोडलंय आणि वरई लिहिलंय. चला. माहेरचं नाव परत आलं.

विहीणबाई दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाल्या, थंड खाल्ली तरी छान लागली, पण आता पंचाईत झाली, यापुढे एकादशीला खायचं काय? मी म्हटलं, तुमची एकादशी, तुम्ही बघा, मी धर्म सांगायला बसले नाय. त्या म्हणाल्या, तुम्ही काय खाता? मी म्हटलं, जे समोर येईल ते, आणि फोन ठेवला.

एवढंच सांगायचं होतं. एक राहिलं. त्या दिवशी सगळे जेवले, मला बसा बसा म्हणत होते, मी म्हटलं मागून बसते, आणि मागूनही बसले नाय. मी पण एकादशी धरते, आये. भागवतच. लय वर्षं झाली. घरात कोणाला ठाऊक नाय, एखादं रताळं उकडून खाते, आणि सुनेला वाटतं सासूबाईंना महिन्यातून दोनदा पित्त होतं. वरईला हात लावत नाय त्या दिवशी, ते तर तुला सांगायला नको. काय सोडलंस म्हणून विचारलं होतंस ना, ते हे. आता तू विचारशील, कधीपासून, आणि कोणासाठी. विचारू नको. सांगणार नाय.